आधी भिंत, मग घट

मृणाल, ईशान,

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, पण छापून येणार आहे दिवाळी अंकात. अंक तिकडे पोचला की आईकडून वाचून घ्या, आणि अडलेले शब्द तिला विचारा. तिलाही काही अडतील, तेव्हा मला फोन करा.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. मृणाल, तू मध्यंतरी फोनवर विचारलंस की शाळेत ‘जग बदलणारे शोध’ असा तक्ता करायचा आहे, तर आजीच्या काळातला एखादा शोध आजीला माहीत आहे का. मी घाईघाईने सूक्ष्मदर्शकाचं नाव सांगितलं आणि तू ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी एका श्राद्धाला रामनगरला गेले आणि तिथे एक बाई घराच्या भिंतीला रंग देताना पाहिली. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. कपाट आवरायला घेते आणि अर्ध्यातच सोडून देते. तुम्हाला ठाऊक आहे, तुमची आजी कपाट कधी अर्ध्यात सोडत नाही.

तक्त्यावर शोध फार सोपा दिसतो. एक चौकट, त्यात एक दाढीवाला चेहरा, खाली वर्ष. माझी नोकरी त्या चौकटीच्या पुढची होती. शोध रेल्वेने येऊन कॅसलरॉकच्या फलाटावर उतरायचा, तिथून बैलगाडीत चढायचा, गाडीवाट संपली की माणसाच्या डोक्यावर बसून रानातल्या वाडीत जायचा. तिथे एखादी म्हातारी दारात उभी असायची आणि म्हणायची, "काय आणलासा? नगं आमाला." तिथून पुढे काय व्हायचं, ते तक्त्यात मावत नाही.

मी बेळगावची. इंटर सायन्सपर्यंत इंग्रजीतून शिकले आणि लग्न होऊन कॅसलरॉकला आले. तुमचे आजोबा तिथे रेल्वेच्या माल-कचेरीत होते. स्टेशनच्या पुढे घाट उतरला की पोर्तुगिजांचं राज्य, मागे लोंढ्यापर्यंत जंगल. कॅसलरॉकला बदली झाली की रेल्वेतला माणूस आधी बायकोला माहेरी पाठवायचा, कारण तिथला हिवताप. आजोबांना पहिल्याच हिवाळ्यात त्याने धरलं. दुपारी थंडी भरायची, घरातली सगळी पांघरुणं अंगावर घातली तरी दात वाजायचे. संध्याकाळी घाम सुटून ताप उतरायचा आणि माणूस विचारायचा, "जेवायला काय आहे?" एक दिवस मधे जायचा आणि परत तेच.

देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास सरकारने आमच्या भागात हिवतापाविरुद्ध मोहीम काढली होती. तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो, पुढे म्हैसूर राज्यात गेलो. ताप तोच राहिला. मोहिमेला रक्ताच्या काचा तपासणारं माणूस हवं होतं. दोघेजण नेमून आले आणि गेले, एक तापाने, दुसरा तापाच्या भीतीने. आमचे अधिकारी डॉक्टर नाडगीर यांना कुणीतरी सांगितलं की माल-कचेरीतल्या बाबूची बायको सायन्स शिकलेली आहे. ते घरी आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, एका जागी बसवतं का?" बसवत नव्हतं. पण मी "हो" म्हटलं.

काम असं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन पसरायचा, वाळवायचा, मग निळसर-जांभळ्या रंगात बुडवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फिकट दिसतात आणि तापाचा जंतू असेल तर पेशीच्या पोटात बारीकशी अंगठी दिसते. निळी अंगठी, तिला लाल खडा. हा जंतू पहिल्यांदा एका फ्रेंच लष्करी डॉक्टराने आफ्रिकेत पाहिला. तो माणसात शिरतो कसा, ते आपल्याकडे सिकंदराबादेत एका इंग्रज लष्करी डॉक्टराने डास चिरून-चिरून शोधलं. या दोघांची वर्षं मृणाल तक्त्यावर लिहील. त्यांना मुंग्यांचा त्रास झाला का, ते कुठेच लिहिलेलं नाही. मला झाला. वाळत ठेवलेलं रक्त मुंग्या खाऊन टाकत. सकाळी यावं तर काचा लख्ख. मग मी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत उभे केले. पावसाळ्यात उजेड नसायचा, तेव्हा कंदिलासमोर मोरचुदाच्या निळ्या पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवायचा. त्यातून पिवळा उजेड पांढरा होऊन येतो. हा शोध माझा नव्हे, डॉक्टर नाडगीरांनी शिकवला.

लोक मला ‘रगातवाल्या बाई’ म्हणत. रक्तात काय दिसतं याबद्दल त्यांच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या. एकदा रामनगरचा एक धान्याचा व्यापारी तरुण पोराला दंडाला धरून घेऊन आला.

"बाई, ह्याच्या बोटातलं जरा बघा."

"ताप येतो का याला?"

"ताप कशाला यील? माझ्या पोरीला सांगून आलाय. रगात चांगल्या घरचं हाय का, तेवढं बघा."

पोरगा बोट पुढे करून मुकाट उभा. मी थेंब घेतला, त्यांना बसवून ठेवलं आणि काच पाहिली. "घराणं काही दिसत नाही," मी म्हटलं, "पण हिवताप आहे."

"परवा जरा कणकण होती," पोरगा पुटपुटला.

"बगा! इचारलं तवा कायबी न्हाई म्हणाला," व्यापारी म्हणाला. "खोटं बोलतोय. रगातात दिसलं का न्हाई?"

लग्न झालं. ताप उतरल्यावर जावई बरा निघाला म्हणे.

आता मोहिमेचं मुख्य हत्यार. स्वित्झर्लंडमधला एक रसायनशास्त्रज्ञ किडे मारणारं औषध शोधत होता. काचेच्या पेटीत एक पूड टाकून त्याने माशा सोडल्या, त्या मेल्या. पेटी धुऊन पुसून त्याने नव्या माशा सोडल्या, त्याही मेल्या. खरा शोध हा होता. औषध जिथे लागतं तिथे महिनोन् महिने चिकटून राहतं. हेच डी.डी.टी. डास माणसाला चावला की रक्ताने जड होतो आणि जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीला पूड असेल तर तो तिथेच मरतो, दुसऱ्याला चावायला जात नाही. सगळी लढाई त्या एका भिंतीवर होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

भाद्रपदात पाऊस ओसरू लागला की फवारणीची टोळी निघायची. टोळीचा मुकादम भैरू, खानापूरकडचा, उंच, वाकडा, बोलायला तिखट. डी.डी.टी. पाण्यात कालवून पंपाने भिंतींवर मारायचं. वाळलं की भिंत पांढरी फटक दिसायची. पहिल्या वर्षी लोक खूश होते, कारण ढेकूण मेले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ढेकणांना पूड पचू लागली, तेव्हा बायका भैरूलाच धरायच्या, "मुकादमा, ढेकणं वाढली. काय दूध पाजतोस काय त्यास्नी?"

तरीही ताप उतरला. जिथे शाळेतल्या प्रत्येक पोराच्या पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट फणसागत दिसायचं, तिथल्या काचा कोऱ्या येऊ लागल्या. सूक्ष्मदर्शकातून दिवसभर पाहावं आणि काहीही दिसू नये, यासारखं सुख मी दुसरं पाहिलं नाही.

फक्त नेरवाडीच्या काचा कोऱ्या येईनात.

नेरवाडी म्हणजे काळी नदीच्या काठची शेतकऱ्यांची वाडी, आमच्या पुडीच्या कोठारापासून सगळ्यात जवळची. म्हणून टोळीची फेरी तिथूनच सुरू व्हायची. पूड ताजी, माणसं ताजी, तरी कार्तिक लागला की नेरवाडीच्या काचांत अंगठ्याच अंगठ्या. डॉक्टर नाडगीरांना वाटलं, भैरू पुडीत खोट करतो. भैरू तावातावाने माझ्याकडे आला. "अक्का, मी पूड खाल्ली काय? खाल्ली असती तर मी मेलो असतो की. मुंगीबी मरतीया."

मी स्वतः जायचं ठरवलं. दिवाळीचा पहिला दिवा लागायच्या बेतात मी नेरवाडीत पोचले आणि तानूबाईच्या अंगणात उभी राहिले. तानूबाई वाडीतली वजनदार म्हातारी, तिकडच्या बायकांसारखी ‘मी करतो, मी गेलो’ असं बोलणारी. मी तिला मावशी म्हणे. तिची सून पार्वती दारात बसून पणत्या पुशीत होती. पार्वतीचं पहिलं मूल आदल्या हिवाळ्यात तापात, सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता ती पुन्हा गरोदर होती, चेहरा पिवळा, पण हसरी.

घर असं देखणं दिसत होतं की मी पाहतच राहिले. तांबडी माती आणि शेण कालवून खालपासून आढ्यापर्यंत सारवलेल्या भिंती, त्यांवर बोटांच्या कमानी उमटलेल्या, एकसारख्या, माशाच्या खवल्यांसारख्या. मी म्हटलं, "मावशी, काय सुंदर सारवलंय!"

"मग? तुमच्या मानसांनी भिती भुतागत करून ठेवलेल्या. आमी दिवाळीला असं ठेवू व्हय?"

मी भिंतीला हात लावला. अजून ओल होती. त्या ओल्या मातीच्या मागे, बोटभर आत, स्वित्झर्लंडहून निघालेला शोध पुरला गेला होता. वाडीतल्या प्रत्येक घरात. दरवर्षी. ताप सुरू व्हायच्या नेमकं आधी. बाकीच्या वाड्यांत टोळी दिवाळीच्या नंतर पोचायची, म्हणून तिथे पूड वर राहायची. फेरीत पहिला नंबर लागला, हाच नेरवाडीचा दोष.

"मावशी, भिंत सारवू नका हो. औषध झाकलं जातं."

तानूबाईने हातातला बोळा खाली ठेवला. "बाई, सणाला भित कुणाची सारवत न्हाईत, ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं, त्या घराची. वाटेने जाणारा बिनसारवलेली भिंत बघतो आणि आवाज खाली करतो.

"पोटुशी सून हाय माझी," तानूबाई म्हणाली. "तिच्या डोईवर मेल्या घराच्या भिती ठिवू? शिकलासा तुमी. तुमीच सांगा."

मी उठले. तशीच डॉक्टरांकडे गेले आणि नेरवाडीला पुन्हा फवारणी मागितली. ते चिडले नाहीत, थकलेले होते. "कोठारातली पूड संपली. टोळी पलीकडच्या डोंगरात आहे. अख्ख्या जिल्ह्याची फेरी एका गर्भारणीसाठी मागे फिरवता येत नाही, बाई." मी गोळ्या घेतल्या आणि पार्वतीला दर आठवड्याला नेऊन देऊ लागले. कडू गोळी तिच्या पोटात ठरत नसे. मार्गशीर्षात तिच्या काचेत अंगठ्या दिसल्या आणि पौषात मूल मेलेलं जन्मलं.

मी भेटायला गेले तेव्हा तानूबाई चुलीपुढे बसली होती. मला बसायला पाट दिला, चहा दिला. पार्वती भिंतीकडे तोंड करून निजली होती. भिंतीवरच्या कमानी अजून तितक्याच सुबक होत्या.

पुढच्या श्रावणात भैरूने बातमी आणली, "अक्का, नेरवाडीची पारू परत पोटुशी हाय." मला काचा पाहवेनात. एक काच डोळ्याखाली आणि मन नदीकाठी. उठावं, खिडकीशी जावं, परत बसावं. शेवटी उघडीप पाहून गेलेच. तानूबाई ओसरीवर इरलं दुरुस्त करत होती. इरलं म्हणजे पानांचं, पाठीवर घ्यायचं पावसाचं टोपरं.

मी सरळच म्हटलं, "मावशी, मी सारवू नका म्हणायला आले नाही. लवकर सारवा म्हणायला आले. टोळी यायच्या आधी भिंती सारवून घ्या, मग वरून औषध मारतील. दिवाळीला जमीन सारवा, अंगण सारवा, उंबरा रंगवा, डास जमिनीवर बसत नाही. फक्त भिंतीला हात लावू नका."

"लवकर म्हंजे कवा?"

"घटस्थापनेच्या आधी."

तानूबाई हसली. "माती वाळंल तवा? भाद्रपदात भित सारवली तर बुरशी यील. नाव ठेवतील लोक. म्हाळाचा पंधरवडा, कावळ्यास्नी जेवायला घालायचं दिवस, अन् ही म्हातारी भिती सारवत बसल्या."

"निखाऱ्यांच्या आगट्या ठेवून वाळवता येईल."

"अन् दिवाळीला पांढऱ्या भिती? सांगा की."

 तेवढ्यात आतून पार्वती आली. ती सासूसमोर फारशी बोलत नसे. "आत्ती," ती म्हणाली, "मी सारवतो घटाच्या आधी. लोक काय म्हनायचं ते मला म्हनूदेत. दोनदा देखनी भित बघत निजलोय मी."

तानूबाईने इरल्याची मोडकी काडी उपसून काढली. तिच्या जागी नवी ओवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू कशाला सारवत्यास? पडशील शिडीवरनं. मी हाय की."

एक बाजू झाली. दुसरी बाजू फेरीची. नेरवाडी पहिली असून चालणार नव्हतं. मी भैरूला विचारलं. तो म्हणाला, "सोपं हाय. उलटं फिरायचं. शेवटनं सुरू करू, तिकडं गवती झोपड्या, सारवायला भितच न्हाई; नेरवाडी घट बसल्यावर घेऊ, मधल्या वाड्या दिवाळीमागनं, हाईत तशाच." डॉक्टरांसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वरून फेरीचा हुकूम येतो," ते म्हणाले, "कुठल्या टोकाने सुरू करायची ते त्यात नसतं. मीही विचारणार नाही."

पण घर एक सुधारून भागत नव्हतं. डास शेजारच्या भिंतीवर बसून परत येतो. अख्खी वाडी एका वेळी सारवायला हवी होती. मी प्रत्येक घरी जाऊन डास, भिंत, पूड, सगळं समजावलं. चित्रं काढून दाखवली. बायकांनी मला गूळ-पाणी दिलं, मान डोलावली आणि कुणी सारवायला घेतलं नाही.

मग एक दिवस नदीवर धुणं चाललेलं असताना मी काठावर उभी होते. तानूबाई दगडावर कपडा आपटत, कुणाकडे न बघता, मोठ्याने म्हणाली, "माझ्या आजेसासूनं घालून दिल्यालं. मी विसरलो अन् दोन नातवंडं गेली. आधी भित, मग घट. देवी यायच्या आधी सगळी भित नवी पायजे. अन् देवी बसली की मागनं भितीला हात लावायचा न्हाई, दिवाळी झाली तरी. देवी रुसत्या."

"असं व्हय?" एक बाई म्हणाली. "कधी आयकलं न्हवतं."

"तू कालची सून. तुला काय ठावं?"

असलं काही तिच्या आजेसासूने घालून दिलेलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. तिने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, दम होता. मी विज्ञान शिकलेली. आठवडाभर खरं कारण सांगून थकलेली. मी तोंड उघडलं नाही.

पितृपंधरवड्यात अख्ख्या नेरवाडीत धूर कोंडला होता. प्रत्येक घरात घमेल्यांत निखारे आणि ओल्या भिंती. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हो, वाडी पेटली काय?" घट बसले, त्यानंतर भैरूची टोळी आली आणि सगळ्या तांबड्या भिंती पांढऱ्या करून गेली. दिवाळीला तानूबाईने जमीन आरशासारखी केली, उंबऱ्याला काव लावली आणि भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीलगत, वीतभर तांबडा पट्टा ओढला. "एवढं तरी माझं," ती म्हणाली. डास तितका खाली सहसा बसत नाही. 

त्यानंतरचा हिवाळा मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. दर आठवड्याला पार्वतीचं बोट. मार्गशीर्ष कोरा. पौष कोरा. पौष संपता संपता एका ढगाळ दुपारी तिच्या काचेत मला पेशीवर काहीतरी निळसर दिसलं. रक्तातच बारीक चकत्या असतात. त्यातली एखादी तांबड्या पेशीवर बसली की नवख्याला जंतूच वाटतो. मी नवखी नव्हते. तरी ती काच मी सोडू शकले नाही. पुन्हा पुन्हा कडेपासून पाहिली. तुमचे आजोबा जेवायला बोलवायला आले. "तीच काच अजून? डोळे फुटतील."

"फुटू देत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला आणि पुन्हा पाहिलं. चकतीच होती. दुसरं काही नव्हतं. मी खुर्चीतून उठले आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. स्टेशन मास्तरांना वाटलं, मी कुणाची तरी गाडी बघते आहे.

फाल्गुनात भैरू नेरवाडीहून आला. लांबूनच ओरडला, "अक्का, पोरगी! दोघीबी धड हाईत!" मी गेले. तानूबाई बाळंतिणीला शेक देत होती. पोरगी टाहो फोडत होती.

"आयकलासा?" तानूबाई म्हणाली. "डासं मेली तुमच्या पुडीनं. आता हिला गप करायचं औषध आणा." मग हळूच, पार्वतीला ऐकू जाणार नाही असं, "ह्या भिती ऱ्हाऊद्यात अशाच. पांढऱ्या."

डॉक्टर नाडगीर म्हणाले, "एका घरावरून काही सिद्ध होत नाही." त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी सगळ्या वाडीच्या काचा कोऱ्या आल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग वरून एक मोठे साहेब पाहणीला आले आणि त्यांनी विचारलं की या लोकांना पटवलंत कसं. "शास्त्रीय माहिती देऊन," डॉक्टर म्हणाले. भैरू खोकला. मी टेबलाखालच्या वाडग्यांत पाणी घालायला वाकले.

मुलांनो, इथे गोष्ट संपायला हवी होती, पण माझ्यासाठी ती संपत नाही. त्या पुडीने आणखी काय काय केलं, तेही मी पाहिलं आहे. अंग चाटणारी मांजरं मेली आणि घराघरांत उंदीर माजले. भिंतींच्या पोकळीतली मधाची पोळी ओस पडली. भैरूच्या आईचं पोळंही गेलं. तो म्हणाला, "अक्का, माशीला कोन सांगनार की तू डास न्हवंस?"  आणि मी नोकरी सोडायच्या सुमाराला, सदुसष्ट साली, ढेकणांना जे जमलं होतं ते कुठे कुठे डासांनाही जमू लागल्याच्या बातम्या येत होत्या. शोध चौकटीत कायमचा असतो. भिंतीवर तो काही महिन्यांचाच असतो.

पण मला खरं टोचतं ते दुसरंच. मी शास्त्र सांगितलं तेव्हा कुणी हललं नाही. तानूबाईने खोटं सांगितलं तेव्हा वाडी वाचली. मी तेव्हा बोलायला हवं होतं का? बोलले असते तर पार्वतीची पोरगी असती का? हे दोन प्रश्न मी कुठल्याही कप्प्यात नीट ठेवू शकले नाही.

पुढे काळी नदीवर धरण झालं. नेरवाडी पाण्याखाली गेली. लोकांना रामनगरला जागा मिळाल्या. तानूबाई त्याआधीच गेली होती, पार्वती स्थलांतरानंतर थोड्या वर्षांनी.

आणि गेल्या आठवड्यात त्याच रामनगरात मला ती बाई दिसली, भिंतीला रंग देणारी. विटा-सिमेंटचं घर, हातात चुन्याची बादली, कपाळावर शिंतोडे. पितृपंधरवडा चालू होता. मी सहज विचारलं, "दिवाळीला अजून महिना आहे की. आत्ताच कसला रंग?"

"आमची रीतच हाय तशी," ती म्हणाली. "आमी नेरवाडीची. आधी भित, मग घट. एकदा देवी बसली की दिवाळी झाली तरी भितीला हात लावत न्हाई."

मी तिचं नाव विचारलं. रुक्मिणी. आईचं नाव विचारलं. पार्वती.

म्हणजे तानूबाईची नात, त्या दिवशी टाहो फोडणारी तीच. मी तिच्या पायरीवर बसले. तिने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "बाळ, ही रीत तुझ्या जन्माच्या वर्षी सुरू झाली. देवीचा त्याच्याशी संबंध नव्हता. भिंतीवर डास मारायचं औषध असायचं..." आणि मी तिला सगळं सांगितलं, काच, अंगठी, पूड, तिची आजी, नदीवरचं धुणं.

तिने अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे आजीनं माझ्यासाठी देवीचं नाव घेतलं?"

"हो."

"मग देवीनंच घ्यायला लावलं असंल," असं म्हणून तिने कुंचला बादलीत बुडवला. "बसा तुमी. हा कोपरा तेवढा घट बसायच्या आधी व्हायला पायजे."

मृणाल, तुझ्या तक्त्यात हे कुठे बसतं ते तू ठरव. शिल्लक काय आहे, तेवढं मी सांगते. माझा सूक्ष्मदर्शक सरकारजमा झाला. डी.डी.टी. आता त्या घरांत कुणी मारत नाही. नेरवाडीच्या भिंती धरणाच्या पाण्याखाली आहेत. रामनगरला नेरवाडीची माणसं अजून घटस्थापनेच्या आधी भिंती रंगवतात, दिवाळीला त्यांना हात लावत नाहीत, आणि जमिनीलगत वीतभर तांबडा पट्टा ओढतात.